स्टँडअलोन ईसीयू बसवल्यावर ट्रॅकवर इंजिन क्षणभर कटतं: कारणं आणि शोधायचा क्रम

लक्षण असं असतं. फॅक्टरी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) काढला, स्टँडअलोन (हवा तसा प्रोग्राम करता येणारा स्वतंत्र ईसीयू) बसवला, नवं हार्नेस (वायरींचा जुडगा) ओढलं. गॅरेजमध्ये गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) पॉवरही मिळते. ट्रॅकवर मात्र दोन-तीन लॅप झाले की ५,५०० आरपीएमच्या वर इंजिन क्षणभर मरतं आणि लगेच पुन्हा पकडतं. कधी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक चढल्यावर, कधी लांब वळणात, कधी सरळ पट्ट्यावर काहीच कारण नसताना. पिटमध्ये आणून बॉनेट उघडलं की सगळं ठीक.

अशा वेळी पहिला संशय नव्या ईसीयूवर जातो आणि बहुतेक वेळा तो खोटा ठरतो. अर्थ (विजेची निगेटिव्हकडे परतायची वाट, म्हणजे ग्राउंड) कुठे घ्यायचा, पिकअपची (इंजिनाचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरची) वायर कशापासून लांब न्यायची, अल्टरनेटरला किती व्होल्ट करू द्यायचे, कुठला रिले (विजेने चालणारा स्विच) कुणी ओढायचा, हे कंपनीने मूळ हार्नेसमध्ये ठरवून ठेवलेलं असतं. हार्नेस उपटताना हे सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि कट तिथूनच येतो.

खालचे तपशील २००० सालच्या आसपासच्या होंडा सिटी १.५ व्हीटेकला धरून आहेत. भारतात रॅली आणि सर्किट दोन्हीकडे ही गाडी खूप वापरली गेली, आणि तिच्या डिस्ट्रिब्युटरमुळे (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागामुळे) हा त्रास तिच्यात ठसठशीत दिसतो. शोधायचा क्रम इतर गाड्यांनाही तोच. आणि हो, पानं हातात घेण्याआधी आपल्या वर्गाचे तांत्रिक नियम वाचा. काही वर्गांत मूळ ईसीयू ठेवावाच लागतो, आणि हे स्क्रुटिनीच्या (शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीच्या) रांगेत कळून उपयोग नाही.

आधी लॉग, मग पाना

लॉग नसेल तर काहीही बदलू नका. आरपीएम, सिंकची स्थिती (ईसीयूला इंजिन नेमकं कुठे आहे ते कळतंय का), ट्रिगर (पिकअपकडून येणारा सिग्नल) एरर काउंटर, बॅटरी व्होल्टेज, सेन्सरचा ५ व्होल्ट सप्लाय, फ्युएल प्रेशर, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), थ्रॉटल आणि ‘कट रीझन’ (ईसीयूने स्वतः इंजिन कापलं तर त्याचं कारण) हे चॅनल लावा. आरपीएम आणि सिंक किमान १०० हर्ट्झवर हवेत. ६,००० आरपीएमला इंजिनाची एक फेरी १० मिलिसेकंदांत होते. १० हर्ट्झच्या लॉगमध्ये दोन नोंदींच्या मध्ये दहा फेऱ्या निघून जातात आणि कट दिसतच नाही.

मग कटच्या आधीचा आणि नंतरचा एकेक सेकंद मोठा करून पाहा.

आरपीएम एका नोंदीत ६,००० वरून शून्यावर आला, किंवा अचानक ११,००० दाखवून परतला, तर ट्रिगर सिग्नल गेला आहे. गिअरमध्ये असलेलं इंजिन १० मिलिसेकंदांत थांबू शकत नाही, त्यामुळे इथे वाद नाही. ट्रिगर एरर काउंटर वाढलेला दिसेलच.

लॉगमध्ये मोकळी फट पडली असेल किंवा ईसीयूचा रन टाइम पुन्हा शून्यापासून सुरू झाला असेल, तर ईसीयूची वीज गेली आणि तो रीस्टार्ट झाला. व्होल्टेज ११ च्या खाली येऊन परत वर गेलं तरी गोष्ट तीच, फक्त रीस्टार्टपर्यंत गेली नाही.

आरपीएम गुळगुळीत, व्होल्टेज ठीक, पण फ्युएल प्रेशर पडतंय आणि लॅम्डा लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतोय, तर पेट्रोल. इथे एक फसगत होते. मिसफायर झाला तरी वाइडबँड (लॅम्डा मोजणारा सेन्सर) लीनच दाखवतो, कारण न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये तसाच जातो. म्हणून लॅम्डा एकटा पाहून इंजेक्टरचे आकडे वाढवू नका. प्रेशर स्थिर आणि लॅम्डा लीन असेल तर आधी इग्निशन तपासा.

आणि सगळं ठीक दिसत असेल तर ‘कट रीझन’ पाहा. बेस मॅपमध्ये (ईसीयूत सुरुवातीला भरलेल्या सेटिंगमध्ये) कुणीतरी ठेवलेली ऑइल प्रेशरची सुरक्षा वळणात तेल बाजूला गेल्यावर इंजिन कापत असते. ती बंद करण्याआधी तेल खरंच बाजूला जातंय का ते पाहा. तसं असेल तर ईसीयूने तुमचं बेअरिंग वाचवलंय.

ट्रिगर: डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली गर्दी

होंडाच्या या डिस्ट्रिब्युटरमध्ये क्रँक, टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) आणि सिलिंडर असे तीन चुंबकीय पिकअप असतात. त्याच घरात कॉइल आणि इग्नायटरही बसलेला असतो. पिकअपचा सिग्नल सेल्फ मारताना व्होल्टच्या अंशांत असतो, आणि काही सेंटिमीटरवर हजारो व्होल्टची ठिणगी उडत असते. फॅक्टरी ईसीयूचं इनपुट सर्किट नेमकं याच पिकअपसाठी बनवलेलं असतं. स्टँडअलोनला ते शिकवावं लागतं.

पहिली तपासणी पाच मिनिटांची. डिस्ट्रिब्युटरचा कपलर काढा, प्रत्येक पिकअपचा रेझिस्टन्स मोजा: ३५० ते ७०० ओह्म. मग प्रत्येक टोक आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांच्यात मोजा. तिथे कुठलीच कंटिन्युइटी नको. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर उघडा पडणारा पिकअप बराच सापडतो, म्हणून हीट गनने डिस्ट्रिब्युटर हाताला चटका बसेल इतका तापवून पुन्हा मोजा. दोन-तीन लॅपनंतरच येणाऱ्या कटाचं कारण इथे निघू शकतं.

दुसरी, वायर. पिकअपची जोडी पिळलेली आणि शील्ड असलेली हवी. शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा, डिस्ट्रिब्युटरकडचं टोक कापून हीट श्रिंकमध्ये बंद. दोन्ही टोकं अर्थ केली की इंजिन आणि बॉडी यांच्यातला करंट शील्डमधून वाहतो, आणि ज्यापासून वाचायचं होतं तेच सिग्नलवर बसतं. ही वायर इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरींबरोबर एकाच स्लीव्हमध्ये नेऊ नका, प्लग लीडला तर स्पर्शही नको. दिसायला छान म्हणून सगळं एकाच जाड लूममध्ये बांधणारे वायरिंगवाले आहेत, आणि त्यांच्या गाड्या फोटोत फार चांगल्या दिसतात.

तिसरी, पोलॅरिटी. चुंबकीय पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्या तरी गाडी सुरू होते, आणि त्यामुळेच ही चूक महिनोन्‌महिने टिकते. ईसीयू दाताचा चुकीचा उतार वाचतो, आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकतं, आणि वरच्या टोकाला सिंक सुटतो. ऑसिलोस्कोपवर पाहा: दात मध्यभागातून जाताना शून्य ओलांडणारी रेघ एकदम उभी असते. ती वरून खाली जाते की खालून वर, हे ईसीयूच्या सेटिंगशी जुळायला हवं. स्कोप नसेल तर ईसीयूत टायमिंग १० अंशांवर लॉक करा, टायमिंग लाइट पुलीवर मारा आणि १,५०० पासून ५,००० पर्यंत हळूहळू न्या. खूण एक-दोन अंश सरकली तर ती डिलेची दुरुस्ती आहे. सात-आठ अंश पळाली तर वायरी उलट्या आहेत.

चौथी, थ्रेशोल्ड, म्हणजे किती व्होल्टच्या वरचा सिग्नल ईसीयूने दात म्हणून मोजायचा. पिकअपचा व्होल्टेज आरपीएमबरोबर वाढतो, तसा गोंगाटही. ईसीयूत आरपीएमनुसार थ्रेशोल्डचा टेबल असेल तर प्रत्येक टप्प्यावर स्कोपवरच्या शिखराच्या साधारण चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याइतका ठेवा. एकच आकडा सगळीकडे भरला तर एकतर सेल्फ मारताना सिंक मिळत नाही किंवा ६,००० ला गोंगाट दात म्हणून मोजला जातो.

यानंतरही एरर येत असतील तर प्लग आणि लीड पाहा. ‘रेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तांब्याच्या सरळ गाभ्याच्या लीड आणि रेझिस्टर नसलेले प्लग हे रेडिओ ट्रान्समीटर आहेत. एनजीकेच्या प्लगवर ‘बीकेआर’मधला ‘आर’ शोधा, लीड रेझिस्टन्सवाल्या लावा. अर्ध्या केसेस इथेच संपतात, आणि खर्च सगळ्यात कमी.

कायमचा उपाय हवा आणि नियम परवानगी देत असतील, तर क्रँक पुलीवर ३६-१ दातांचं (३६ पैकी एक दात गहाळ असलेलं) चाक आणि हॉल सेन्सर लावा. गॅप १ मिलिमीटरच्या आसपास. सेन्सरचा ब्रॅकेट जाड पत्र्याचा आणि थेट ब्लॉकला बोल्ट केलेला हवा. टायमिंग कव्हरच्या प्लॅस्टिकवर बसवला तर वरच्या आरपीएमला तो थरथरतो आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. हॉल सेन्सरच्या सिग्नलला पुल-अप (सिग्नल व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर) लागतो, तो ईसीयूत चालू केलाय का पाहा. आणखी एक: होंडाची डी मालिका पुलीच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरते. गहाळ दातापासून टीडीसीपर्यंतचा कोन मोजताना हे विसरलं की इंजिन सायलेन्सरमधून बार काढतं आणि लोक कॅम टायमिंग तपासत बसतात.

अर्थ आणि वीज

अर्थ डोळ्यांनी तपासता येत नाही आणि ओह्ममीटरनेही नाही. एकच तार जोडलेली असली तरी ओह्ममीटर शून्य दाखवतो. करंट वाहत असताना व्होल्टेज ड्रॉप मोजा. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर. क्लॅम्पवर ठेवू नका, प्रत्यक्ष शिशाच्या पोलवर.

१. लाल प्रोब इंजिन ब्लॉकवर, सेल्फ मारताना: ०.२ व्होल्टच्या आत.
२. लाल प्रोब ईसीयूच्या पॉवर ग्राउंड पिनवर मागून, इंजिन चालू, फॅन, पंप आणि हेडलाइट सुरू: ०.०५ व्होल्टच्या आत.
३. लाल प्रोब सेन्सर ग्राउंडवर, त्याच स्थितीत: दुसऱ्या आकड्याशी जवळजवळ सारखा. इथे फॅन सुरू होताना आकडा उडी मारत असेल तर कुठलातरी सेन्सर ईसीयूऐवजी बॉडीला अर्थ झालाय.

होंडाने ईसीयूचा अर्थ थर्मोस्टॅट हाउसिंगवर, म्हणजे इंजिनावर घेतला होता, आणि त्याला कारण आहे. कॉइल आणि इंजेक्टरचा करंट इंजिनाकडूनच परततो. रूपांतर करताना ईसीयू डॅशच्या मागे जातो आणि अर्थ जवळच्या बोल्टवर, बऱ्याचदा रोल केजच्या पावडर कोटिंग केलेल्या पाइपवर. तसं करू नका. ईसीयूचे सगळे पॉवर ग्राउंड एकाच ठिकाणी, इंजिनावर, रिंग लगने, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर घ्या. सेन्सर ग्राउंड त्यांच्यात मिसळू नका, ते ईसीयूच्या स्वतःच्या पिनवरच परतले पाहिजेत.

बॅटरी डिकीत नेली असेल तर सेल्फसाठी किमान ३५ चौरस मिमीची केबल घ्या आणि इंजिन ते बॉडी किमान २५ चौरस मिमीची नवी पट्टी. मूळ पट्टी मऊ माउंटिंगसाठी बनवलेली, जुनी आणि हिरवट झालेली असते. ती कमी पडली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती बरेचदा क्लच किंवा थ्रॉटलची केबल असते.

अल्टरनेटर. चालू इंजिनला बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १२.४ च्या आसपास अडकलं असेल तर अल्टरनेटर बदलण्याआधी त्याचा कपलर पाहा. होंडाच्या अनेक गाड्यांत फॅक्टरी ईसीयू एका कंट्रोल वायरीने अल्टरनेटरला कमी व्होल्टेजवर ठेवतो. ती वायर नव्या हार्नेसमध्ये चुकून अर्थ झाली तर तो कायम त्याच स्थितीत राहतो. मोकळी सोडली की पूर्ण व्होल्टेज देतो. इतर काही गाड्यांत उलटी गंमत: चार्ज लाइटच्या बल्बमधून येणारा करंट अल्टरनेटर जागा करतो. मूळ मीटर काढून डिजिटल डॅश लावला की बल्ब गेला, अल्टरनेटर झोपला. तिथे १२ व्होल्ट २ ते ३ वॅटचा बल्ब मालिकेत टाका.

१२.४ व्होल्टवर गाडी चालते, पण इंजेक्टर उशिरा उघडतात आणि कॉइल पुरता भरत नाही. ईसीयूतला डेड टाइम (इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ) आणि ड्वेलचा (कॉइल भरण्याच्या वेळेचा) टेबल व्होल्टेजनुसार भरलेला नसेल तर हा फरक थेट मिसफायर म्हणून दिसतो.

मग किल स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज तोडणारा सुरक्षा स्विच. कर्बवर येणाऱ्या कटांचा हा मुख्य संशयित. एफआयए (आंतरराष्ट्रीय मोटर स्पोर्ट महासंघ) पद्धतीच्या सहा टर्मिनलच्या स्विचवर दोन जाड पोस्ट आणि डब्ल्यू व झेड अशा दोन बारीक जोड्या असतात. स्विच ऑन असताना डब्ल्यू जोडलेली आणि झेड उघडी, ऑफ केल्यावर उलट. बरोबर येणारा ३ ओह्म ११ वॅटचा रेझिस्टर झेडमधून अर्थला जातो, म्हणजे बॅटरी तुटल्यावर फिरत राहिलेल्या अल्टरनेटरचा करंट तिथे जिरतो. तो रेझिस्टर डब्यातच राहिला तर व्होल्टेज उसळतो आणि त्यात ईसीयू जळू शकतो. असा जळलेला ईसीयू ‘खराब निघाला’ म्हणून परत पाठवला जातो.

चूक होते डब्ल्यूवर. त्या बारीक कॉन्टॅक्टमधून लोक कॉइल, पंप आणि इंजेक्टर सगळ्यांचा करंट ओढतात. कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि धक्क्याला उघडतात. डब्ल्यूमधून फक्त मुख्य रिलेच्या कॉइलचा करंट न्या, तो पाव अँपिअरही नसतो. तपासायला इंजिन आयडलवर ठेवून, लॉग चालू करून, स्विचच्या पाठीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. व्होल्टेजच्या रेघेला दात पडले तर स्विच बदला. स्विच ऑफ केल्यावर इंजिन लगेच थांबतं का, ही चाचणी झेडची जोडणी मल्टिमीटरने तपासल्यानंतरच करा, आधी नाही. बाहेरच्या हँडलजवळ निळ्या त्रिकोणातली लाल ठिणगी लावायची राहत असते. त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंमी.

रिले आणि फ्यूजच्या सॉकेटमधल्या मादी पिना सैल होतात. त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढा. जोर न लावता निसटली तर सॉकेट टाकून द्या. होंडाच्या डॅशखालचा मूळ पीजीएम-एफआय मेन रिले ठेवला असेल तर आजच काढा. त्याच्या आतले सोल्डर जोड उष्णतेने तडकतात, गार गाडी चालते आणि तापलेली गाडी पंप बंद करते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दुपारी केबिनमध्ये जे तापमान होतं त्यात हा रिले टिकवणं म्हणजे जुगार. त्याच्या जागी दोन साधे सीलबंद रिले, एक ईसीयू आणि इंजेक्टरला, एक पंपाला.

ट्रिगर आणि वीज दोन्ही स्वच्छ असतील तर

इग्निशन: एका कॉइलवर चार सिलिंडर असतील तर ७,००० आरपीएमला दर ४.३ मिलिसेकंदांनी ठिणगी लागते. बेस मॅपमध्ये ४ मिलिसेकंद ड्वेल असेल तर ठिणगी जळायला वेळच उरत नाही, शिवाय कॉइल आणि इग्नायटर तापतात. १४ व्होल्टला ३ च्या आसपास ठेवा. इग्निशन आउटपुटची दिशा उलटी निवडली असेल तर कॉइल जवळजवळ सतत भरत राहतो. हात लावून पाहा, डिस्ट्रिब्युटरची टोपी असह्य गरम असेल तर आधी हेच सेटिंग.

व्हीटेक (वरच्या आरपीएमला कॅम बदलणारी होंडाची यंत्रणा): याचा कट ५,००० च्या आसपास नेमका एकाच आरपीएमला येतो, त्यावरून ओळखा. होंडाच्या व्हीटेक सोलेनॉइडला एकच वायर असते. अर्थ त्याच्या बॉडीतून मिळतो आणि ईसीयू १२ व्होल्ट पुरवतो. बहुतेक स्टँडअलोनचे जादा आउटपुट अर्थ देणारे असतात, १२ व्होल्ट देणारे नसतात. मध्ये रिले लावा. हिस्टेरेसिसही (ऑन आणि ऑफच्या आकड्यांत अंतर) ठेवा, उदाहरणार्थ ४,८०० ला ऑन आणि ४,५०० ला ऑफ, नाहीतर त्या पट्ट्यात कॅम सारखा बदलत राहतो.

पेट्रोल: पंपाच्या टर्मिनलवर, पंप चालू असताना, बॅटरीपेक्षा ०.५ व्होल्टहून कमी मिळत असेल तर वायर बदला, २.५ चौरस मिमी तांबं. फक्त एकाच बाजूच्या लांब वळणात आणि टाकी तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेल्यावर कट येत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका, पंप हवा ओढतोय. सर्ज पॉट (पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून लावायची छोटी जादा टाकी) लागेल.

कॅन बसच्या (ईसीयूंनी एकमेकांशी बोलायच्या दोन वायरींच्या) नव्या गाड्यांत आणखी एक घोळ. मूळ ईसीयू काढल्यावर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला इंजिन चालू असल्याचा आणि वेगाचा संदेश मिळत नाही, आणि ते बंद पडतं किंवा ठरावीक जोरावर अडकतं. ईसीयूने ते संदेश पाठवायला हवेत. सगळी वीज बंद करून कॅन हाय आणि कॅन लो यांच्यात मोजा: ६० ओह्म. १२० आले तर काढलेल्या डब्यात एक टर्मिनेशन रेझिस्टर होता, तो त्या टोकाला परत लावा.

हार्नेस हलवून पाहा

तरीही सापडलं नाही तर इंजिन आयडलवर, लॉग चालू, आणि हार्नेस हाताने हलवत जा. फायरवॉलचं रबर, डिस्ट्रिब्युटरचा कपलर, इनटेकमागचा भाग, पेडलच्या वरची वळणं, या क्रमाने. कुठे हात आहे ते सहकाऱ्याने वेळेसकट लिहावं, म्हणजे लॉगशी जुळवता येतं. मग पाण्याचा फवारा मारून तेच पुन्हा.

सोल्डर केलेले जोड सापडले तर ते संशयित. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. तिथे योग्य साच्याच्या क्रिम्पिंग पकडीने क्रिम्प करा. साध्या पीव्हीसी वायरऐवजी १५० अंश सेल्सिअसची टेफझेल वायर, सेन्सरला ०.५ चौरस मिमी पुरते. दर १५ ते २० सेंमीवर पी-क्लॅम्प, आणि इंजिनाकडे जाताना हाताच्या बोटाएवढी ढील, कारण रेस माउंटिंगवरही इंजिन हलतं.

ईसीयू बदलून पाहायचा असेल तर तो शेवटी. तोच फर्मवेअर, तोच मॅप, ट्रिगर सेटिंगसकट. आणि जुना काढण्याआधी त्याच्या कपलरमधल्या पिना एकेक ओढून बघा, पूर्ण न बसलेली एखादी पिन तुमच्या हातात येण्याची शक्यता ईसीयू बिघडलेला असण्यापेक्षा जास्त आहे.